जुन्या मोटारीच्या पुढील चाकांची जुळणी

मोटारीसमोर उभे राहून तिच्या पुढील दोन चाकांकडे पाहिले, तर ती एकमेकांस समांतर व जमिनीस लंब आहेत, असा कोणाचाही समज होईल. वस्तुस्थिती तशी नाही. ही चाके वरच्या बाजूस किंचित बाहेर अगर आत कललेली असतात. पुढील कडांनी ती एकमेकांकडे जराशी वळलेली असतात. आणि ज्या खुंट्याभोवती ती वळतात, तो खुंटाही मागे व आत असा दुहेरी कललेला असतो. हे सर्व कल इतके सूक्ष्म असतात, की डोळ्यांस ते दिसत नाहीत. टायरास आणि चालकाच्या हातांस मात्र ते नेमके कळतात. हे कल ठरलेल्या मापांवर आणून ठेवणे यास कारखान्यांतून ‘अलाइनमेंट’ म्हणतात. आपण त्यास जुळणी म्हणू.

आमच्या बैलगाडीस हा प्रश्न कधी पडला नाही. तिला चाके दोनच, आस एकच. बैल वळले की सारी गाडीच वळते. चार चाकांच्या गाडीत पुढील आस मध्यभागी एका खिळीवर फिरवून काम भागविले जात असे. परंतु अशी गाडी तीव्र वळणावर कलंडण्याचा संभव फार. आस स्थिर ठेवून केवळ चाकेच स्वतंत्र खुंट्यांभोवती वळवावयाची, ही युक्ती म्युनिकचे गाडीकार लांकेनश्पेर्गर यांनी १८१७ च्या सुमारास योजिली. १८१८ मध्ये तिचे इंग्लंडमधील पेटंट त्यांचे प्रतिनिधी रूडोल्फ आकरमान यांनी घेतले, आणि नाव कायम राहिले ते आकरमान यांचे! पेटंटाच्या इतिहासात असे पुष्कळदा घडते.

या युक्तीतील मर्म असे, की वळणावर आतील चाक बाहेरील चाकापेक्षा अधिक वळले पाहिजे. प्रीमिअर पद्मिनीचे उदाहरण घेऊ. तिच्या पुढील व मागील आसांमधील अंतर २३४० मिलिमीटर, आणि दोन पुढील चाकांमधील अंतर सुमारे सव्वा मीटर. वळणाचा मध्य आतील मागच्या चाकापासून ५ मीटरवर धरला, तर आतील पुढचे चाक सुमारे २५ अंश वळावयास हवे, बाहेरील मात्र साडेवीस अंशच. हा साडेचार अंशांचा फरक स्टिअरिंगच्या भुजांच्या तिरकसपणामुळे आपोआप साधतो. मात्र त्यास एक अट आहे. गाडी सरळ चालत असता स्टिअरिंगची पेटी आपल्या बरोबर मध्यावर असली पाहिजे. ही अट पुढे पुन्हा उपयोगी पडेल.

पद्मिनीचे उदाहरण सहज घेतलेले नाही. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात १९५० नंतरच्या दशकात फियाटच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. १९६४ पासून फियाट ११०० डी, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘डिलाइट’, तेथे बनू लागली. तीच गाडी १९७२ मध्ये ‘प्रेसिडेंट’ व पुढे ‘पद्मिनी’ या नावांनी ओळखली गेली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप म्हणजे हीच गाडी. त्या टॅक्सींपैकी शेवटची ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. मराठवाड्यात ही गाडी डॉक्टर, वकील, कंत्राटदार यांच्या दारी असे, आणि आजही छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, अशा काही गाड्या हौसेने सांभाळलेल्या दिसतात. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ असा स्वतंत्र वर्ग निर्माण झाला, आणि त्यांच्या नोंदणीस ‘व्हीए’ या अक्षरांची क्रमांकमाला मिळाली. वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे, ही या वर्गाची अट आहे. म्हणजे पुढील चाकांची मांडणी त्रास देते म्हणून ती काढून दुसऱ्या गाडीची बसविणे हा मार्ग या हौशी मालकांस मोकळा नाही. मूळ मांडणीच समजून घेऊन ती नीट राखावी लागते. आणि नेमके तेच ज्ञान जुन्या मिस्त्र्यांबरोबर झपाट्याने नाहीसे होत आहे.

आता कोनांकडे वळू. पहिला कोन कॅस्टर. सायकलीचा पुढील चिमटा बाजूने पाहिला, तर तो सरळ उभा नसून खाली पुढे झुकलेला दिसतो. त्या चिमट्याची रेषा खाली वाढविली, तर ती चाकाच्या स्पर्शबिंदूच्या थोडी पुढे जमिनीस मिळते. चाक त्या बिंदूच्या मागून फरफटत येते, म्हणून ते आपोआप सरळ होऊ पाहते. दोन्ही हात सोडून सायकल चालविणाऱ्या मुलास यातील बराचसा आधार असतो. मोटारीतही तसेच. चाकाची त्रिज्या २९० मिलिमीटर व कॅस्टर ३ अंश धरला, तर हे फरफटीचे अंतर अवघे १५ मिलिमीटर येते. एवढ्याशा अंतरावर गाडीचे सरळ चालणे अवलंबून असते. कॅस्टर कमी पडला तर गाडी रस्त्यावर भरकटते. फाजील झाला तर स्टिअरिंग जड होते, आणि खड्ड्यांचे धक्के हातांपर्यंत येतात.

दुसरा कोन कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभ्या रेषेशी कल. चाक वरून बाहेर कलले असेल तर तो धन, आत कलले असेल तर ऋण मानतात. कललेले चाक लवंडलेल्या शंकूसारखे आपल्या कलाच्या दिशेस वळू पाहते. दोन्ही बाजूंचा कॅम्बर सारखा असेल तर ही ओढ परस्परांस छेदते. सारखा नसेल तर ज्या बाजूस धन कॅम्बर अधिक, त्या बाजूस गाडी ओढते. कॅस्टरचे याच्या उलट आहे: ज्या बाजूस तो कमी, त्या बाजूस गाडी ओढली जाते. आपले रस्ते मध्यभागी उंच व कडेस उतरते असतात, आणि आपण डावीकडून चालतो; सबब गाडीची स्वाभाविक प्रवृत्ती डावीकडे घसरण्याची. म्हणून अनुभवी मिस्त्री डाव्या चाकाचा कॅस्टर उजव्याहून किंचित अधिक ठेवीत. पुस्तकात दोन्ही बाजूंस एकच आकडा दिलेला असतो, आणि तरीही मिस्त्री चूक करीत नसे.

खुंट्याच्या आतल्या बाजूच्या कलाविषयी थोडक्यात सांगतो. हा कल व कॅम्बर यांची बेरीज चाकाच्या घडीव खुंट्यात कारखान्यातच पक्की झालेली असते. ती कोणत्याही पान्याने बदलत नाही. यामुळे ती निदानास फार उपयोगी पडते. कॅम्बर बिघडला आहे, पण ही बेरीज दोन्ही बाजूंस सारखीच भरते, असे दिसले तर दोष भुजांत, स्प्रिंगेत वा सांगाड्यात शोधावा. बेरीजच भिन्न आली, तर खुंटा वाकला आहे, आणि तो बदलण्यावाचून उपाय नाही.

तिसरे माप टो-इन. दोन्ही चाकांच्या पुढील कडांमधील अंतर मागील कडांमधील अंतराहून काही मिलिमीटर कमी ठेवतात. मागील चाकांनी ढकलल्या जाणाऱ्या गाडीत पुढील चाकांवर रस्त्याचा विरोध मागे लोटतो. खुंट्याची रेषा सहसा चाकाच्या स्पर्शबिंदूच्या आतल्या बाजूस जमिनीस मिळत असल्यामुळे, या विरोधाने चाके बाहेर फाकू पाहतात, आणि सांध्यांतील बारीकसारीक मोकळीक त्या दिशेस भरून निघते. उभ्या गाडीत थोडी आत वळविलेली चाके धावताना जवळजवळ समांतर व्हावीत, एवढाच टो-इनचा हेतू आहे.

हे माप दिसावयास क्षुल्लक, पण त्याचा हिशेब पाहावा. १४ इंची चाकाच्या रिमच्या कडा सुमारे ३९० मिलिमीटर अंतरावर असतात. तेथे मोजलेले टो-इन योग्य मापाहून ६ मिलिमीटर अधिक असेल, तर प्रत्येक चाक धावण्याच्या दिशेशी ०.००७७ रेडियनचा, म्हणजे अर्ध्या अंशाहूनही लहान कोन करते. तरीही दर किलोमीटरमागे ते चाक ७.७ मीटर आडवे घासले जाते. संभाजीनगराहून पुणे सुमारे २३५ किलोमीटर. तेथे पोचेपर्यंत त्या गाडीचे प्रत्येक पुढील चाक सुमारे १८०० मीटर बाजूस घासत गेलेले असते. पाऊण हात लांबीवर सहा मिलिमीटर चुकल्याचे हे फळ होय.

इथवर जे सांगितले ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडेल. प्रत्यक्षात घोळ होतो तो निराळ्याच ठिकाणी. कोन हा दोष नव्हे. तो दोषाचे चिन्ह होय. हे विसरून चिन्हच दुरुस्त केले, की मूळ दोष झाकला जातो व वाढत राहतो.

एका पद्मिनीचे उदाहरण घेऊ. तिच्या डाव्या पुढील टायराची आतील कड घासून गुळगुळीत झालेली आहे. मोजून पाहता डाव्या चाकाचा कॅम्बर ऋण २ अंश भरतो, उजव्याचा धन अर्धा अंश. भुजेच्या बैठकीखाली पातळ पत्र्याच्या चकत्या, ज्यांस मिस्त्री ‘शिम’ म्हणतात, घालून वा काढून डावा कॅम्बरही धन अर्ध्या अंशावर आणता येतो. यंत्रावरचा आकडा बरोबर येतो, पावती मिळते, आणि नवा टायर पुन्हा झिजू लागतो. याचे कारण गाडीची उंची कोणी मोजलीच नाही! डाव्या बाजूची स्प्रिंग बसलेली आहे. फियाटच्या मांडणीत प्रत्येक चाक दोन आडव्या भुजांनी धरलेले असते, आणि वरची भुजा खालचीपेक्षा आखूड असते. खड्ड्यात स्प्रिंग दाबली गेली की चाकाचा वरचा भाग त्यामुळे आत कलतो. ही योजना मुद्दाम केलेली आहे. परंतु स्प्रिंग कायमचीच बसली, की जणू चाक सदा खड्ड्यात असल्याप्रमाणे कललेले राहते. शिमने कल सुधारला, उंची नाही. टाय रॉड आपल्या मूळ रेषेतून ढळलेला तसाच राहिला. आता प्रत्येक धक्क्यागणिक त्याच्या टोकाचा वर्तुळखंड भुजांच्या वर्तुळखंडाशी जुळत नाही, आणि चाक वर-खाली होताना आत-बाहेर वळत राहते. उभ्या गाडीवर मोजलेले टो-इन निर्दोष, धावत्या गाडीचे मात्र क्षणोक्षणी बदलते.

डावीच बाजू का बसावी, हे मराठवाड्याच्या रस्त्यांवर गाडी हाकणारास सांगावयास नको. येथील काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरील डांबर प्रथम कडेला तुटते. समोरून मालमोटार आली, की आपले डावे चाक डांबरावरून साइडपट्टीवर उतरते आणि पुन्हा चढते. असे वर्षानुवर्षे होत राहते. तोच चिखल किंग पिनच्या बुशांत शिरतो. ठराविक अंतरावर ग्रीस दिले नाही, तर आत जणू सहाणच तयार होते.

यास्तव जुळणीचा क्रम महत्त्वाचा. आधी टायरांतील हवा सारखी करावी. नंतर पुढचा भाग जॅकने उचलून, घोडीवर नीट टेकवून, चाक वर व खाली धरून हलवावे. ढिलेपणा जाणवला तर साहाय्यकास ब्रेक दाबून धरावयास सांगावे. ढिलेपणा नाहीसा झाला तर तो चाकाच्या बेअरिंगचा होता. तसाच राहिला तर किंग पिनचा वा भुजांच्या बुशांचा. मग चाक डावी-उजवीकडे धरून हलवावे, म्हणजे टाय रॉडच्या टोकांची परीक्षा होते. यांपैकी काहीही झिजले असेल तर येथेच थांबावे व ते बदलावे. ढिल्या सांध्यावर घेतलेले माप हे माप नव्हेच. दुसऱ्या वेळी ते निराळे येईल. मला वाटते, गिऱ्हाइकाला अप्रिय असलेली हीच गोष्ट सांगण्याचे टाळले जाते. झिजलेला भाग बदलावयास दोन दिवस व पैसे लागतात, आकडा जुळवावयास अर्धा तास.

त्यानंतर उंची. गाडी सपाट जागेवर आणावी. जमीन सपाट आहे किंवा नाही, हे गवंडी वापरतात त्या पाण्याच्या नळीने चारही चाकांखाली पाहता येते. अनेक कारखान्यांच्या पुस्तकांत कोनांचे आकडे रिकाम्या गाडीचे नसून ठराविक भारासहित दिलेले असतात. तो भार वाळूच्या पोत्यांनी आसनांवर ठेवावा. गाडी पुढून-मागून दाबून सोडावी व थोडी पुढे ढकलून थांबवावी. मागे ढकलू नये. तसे केल्याने सांध्यांतील मोकळीक उलट बाजूस भरते.

कॅम्बर मोजावयास ओळंबा पुरतो. रिमच्या वरच्या व खालच्या कडेपासून ओळंब्याच्या दोरीचे अंतर मोजावे. वर सांगितलेल्या रिमवर दोहोंत ६.८ मिलिमीटरचा फरक म्हणजे १ अंश. कॅस्टर प्रत्यक्ष मोजता येत नाही, कारण खुंट्याची रेषा लोखंडाच्या आत दडलेली असते. ती अडचण भूमितीनेच सोडविली आहे. चाक २० अंश बाहेर वळवून कॅम्बर मोजावा, मग २० अंश आत वळवून पुन्हा मोजावा; दोन्ही मापांतील फरकाची दीडपट म्हणजे कॅस्टर. फरक २ अंश आला तर कॅस्टर सुमारे ३ अंश. ही दीडपट कोठून आली, असे विद्यार्थी विचारतात. वळविलेल्या चाकाच्या कॅम्बरमध्ये कॅस्टरचा जो भाग उतरतो, तो २० अंशांच्या ज्येच्या प्रमाणात असतो. दोन्ही बाजूंच्या मिळून त्याची पट ०.६८, आणि तिचा व्यस्त १.४६.

शिमने हे कोन बदलावयाचे तत्त्व सोपे आहे. भुजेची बैठक दोन बोल्टांनी धरलेली असते. दोन्ही बोल्टांपाशी सारख्या चकत्या घातल्या वा काढल्या तर कॅम्बर बदलतो; एकापाशीच बदलल्या तर खुंटा पुढे वा मागे झुकून कॅस्टर बदलतो. चकती घातल्याने चाक आत कलेल की बाहेर, हे बैठक कोणत्या भुजेची व सांगाड्याच्या कोणत्या बाजूस आहे यावर ठरते. ते समोरच्या गाडीत पाहूनच हात घालावा. सर्व जुन्या गाड्यांत ही सोय नाही. उत्तरपाड्याच्या अ‍ॅम्बॅसडरला पुढे स्प्रिंगेऐवजी पिळाच्या दांड्या असत, त्यांच्या बैठकीने उंची ठरविली जाई, आणि टो-इन सोडता जुळवावयास फारसे काही नसे. जीपगाडीत पुढील आस अखंड लोखंडाची व पाट्यांवर बसविलेली. तिचा कॅम्बर घडणीतच पक्का, कॅस्टर मात्र आस व पाटे यांच्यामध्ये पाचरीच्या आकाराची चकती घालून बदलता येतो.

टो-इन सर्वांत शेवटी, कारण आधीचे कोन हलविले की तेही हलते. मोजताना पुष्कळजण रिमच्या कडा धरतात. परंतु जुने रिम क्वचितच सरळ असतात. चाक उचलून फिरवावे व टायरावर खिळ्याने एक बारीक रेघ ओढावी. चाके जमिनीवर ठेवून पुढील बाजूस दोन्ही रेघांमधील अंतर मोजावे. मग गाडी अर्धा फेरा पुढे ढकलावी, म्हणजे त्याच खुणा मागे येतील. तेथे पुन्हा मोजावे. एकच खूण दोन्हीकडे मोजल्याने रिमचा वाकडेपणा हिशेबातून निघून जातो.

आता प्रारंभीची अट. स्टिअरिंगची पेटी मध्यावर आणून, दोन्ही बाजूंचे टाय रॉड सारखेच फिरवून टो-इन जुळवावे. एकाच बाजूचा दांडा फिरविण्याचा मोह होतो, कारण तेथे पाना सहज पोचतो. आकडा त्यानेही जुळेल; परंतु पेटीतील दाते मध्यावरच सर्वांत घट्ट बसावेत असे घडविलेले असतात. ती मध्यापासून ढळली, तर सरळ रस्त्यावरच स्टिअरिंग ढिले लागते, आणि डाव्या-उजव्या वळणांवर चाके आकरमानच्या नियमाप्रमाणे सारखी वळत नाहीत. कन्नडपुढील औट्रम घाट उतरताना, एका वळणावर गाडी हलकी आणि दुसऱ्यावर हट्टी वाटली, तर हा दोष मनात आणावा.

आणखी एका गोष्टीने जुन्या पुस्तकांतील आकडे फसवितात. ते आकडे त्या काळच्या आडव्या-तिरप्या पदरांच्या टायरांसाठी ठरविले होते. आज बहुधा रेडियल टायर बसविले जातात. कललेल्या रेडियलची बाजूस ओढण्याची शक्ती जुन्या टायराहून बरीच कमी असते, आणि त्यास टो-इनही सामान्यतः कमी लागते. तेव्हा पुस्तकी आकड्याच्या सवलतीतील लहानात लहान माप प्रथम घ्यावे व टायराचा कौल पाहावा.

हा कौल तळहाताने घेता येतो. चारपाचशे किलोमीटर धावल्यावर टायराच्या पृष्ठावरून हात आधी बाहेरून आत व मग आतून बाहेर फिरवावा. बाहेरून आत नेताना गुळगुळीत आणि आतून बाहेर आणताना टोचरे लागले, तर टो-इन फाजील आहे. याच्या उलट लागले, तर अपुरे. दोन्हीकडे सारखेच लागले, पण एकच कड झिजलेली असेल, तर टाय रॉडला हात न लावता पुन्हा कॅम्बरकडे, आणि त्याआधी स्प्रिंगेच्या उंचीकडे वळावे.